गिनीपिगची खाज : आकडी नव्हे, खरूज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखाना बंद करण्याच्या वेळेस नालासोपाऱ्याहून एक आजी आणि त्यांचा सातवीत शिकणारा नातू आले. नातवाच्या हातात बुटांचा खोका, खोक्यात टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेला गिनीपिग. आजींनी खुर्चीवर टेकता टेकताच सांगितले, "डॉक्टर, ह्याला आकडी येते. दोन दिवसांत चार वेळा आली. कांदा फोडून हुंगवला, चप्पलसुद्धा हुंगवली. जरा वेळ निपचित पडतो, की पुन्हा सुरू."

टॉवेल उघडला. पाठीवरचे आणि खांद्यांवरचे केस गेले होते. उरलेल्या जागी पिवळट, जाड खपली धरली होती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला नखांनी ओरबाडल्याचे ताजे व्रण होते. मी एका बोटाने पाठीला हलकेच स्पर्श केला, तर त्याने मागचा पाय झाडायला सुरुवात केली, मान वाकडी केली, अंग ताठ केले आणि पाहता पाहता तो टेबलावर आडवा पडून झटके देऊ लागला. अर्ध्या मिनिटात सारे थांबले. नातू रडायच्या बेतात आला होता.

मी म्हटले, "आजी, याच्या डोक्यात काही बिघाड नाही. याला खरूज झाली आहे." त्यांचा विश्वास बसेना. खाजेने कधी कुणाला आकडी आली आहे का, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. माणसाला येत नाही, कुत्र्याला येत नाही, गाईम्हशींना येत नाही. गिनीपिगला मात्र येते. ती वेळीच ओळखली नाही तर जनावर दगावते, म्हणून आज या सदरात एवढ्याशा प्राण्याविषयी लिहायला घेतले आहे.

वसई-विरारमध्ये हा प्राणी आता बऱ्याच घरांत दिसतो. फ्लॅटमध्ये कुत्रा ठेवू देत नाहीत, मांजर आईला चालत नाही, मग मुलाच्या हट्टापायी मुंबईहून गिनीपिगची जोडी येते. क्रॉफर्ड मार्केटात वर्षानुवर्षे हे प्राणी विकले गेले आणि तिथून चर्चगेट-विरार लोकलच्या गर्दीत, पुठ्ठ्याच्या खोक्यातून किती जोड्या इकडे आल्या असतील याची मोजदाद नाही. पुष्कळ लोक याला पांढरा उंदीरच समजतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, पेरू देशाच्या बाजूचा. गिनीशी याचा संबंध नाही आणि डुकराशी तर नाहीच. अंगावर दाट केस, थंड आणि कोरड्या डोंगराची सवय. अशा प्राण्याला आपण आणून ठेवतो ते खाडीकाठच्या दमट हवेत, जिथे जून ते सप्टेंबर कपडेसुद्धा धड वाळत नाहीत. ओला भुसा, कोंदट पिंजरा आणि प्रवासाचा धसका एवढे जमून आले की अंगावर आधीपासून दडून बसलेले किडे डोके वर काढतात.

कातडीत घुसणारा किडा

गिनीपिगच्या खरजेच्या किड्याचे शास्त्रीय नाव ट्रिक्साकॅरस केव्हिई. त्याची ओळख शास्त्राला १९७२ साली पटली. माणसाच्या खरजेच्या किड्याचा हा भाऊबंदच, पण आकाराने लहान. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ कोरते आणि त्यात अंडी घालते. अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. हे दोन आठवडे वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे औषधाच्या वेळी त्यांचे काम पडणार आहे.

हा किडा कातडीत फिरू लागला की जी खाज सुटते ती विलक्षण असते. जनावर खाणे सोडून खाजवत बसते. खाजवून जखमा होतात, जखमांत पू होतो, कातडी जाड आणि सुरकुतलेली होते. रोग वाढला की नुसत्या स्पर्शानेही आजींनी पाहिली तशी आकडी येते. गाभण मादी असेल तर गर्भपात होऊ शकतो. शेवटी शेवटी जनावर खात नाही आणि गिनीपिगने दिवसभर खाल्ले नाही तर त्याचे आतडे मंदावून बंद पडू लागते. तेव्हा "उद्या बघू" म्हणण्याची सोय या प्राण्याच्या बाबतीत नाही.

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे असाच एक गिनीपिग आला होता. शिकल्याप्रमाणे मी कातडीची खरवड घेतली, काचेवर ठेवली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. किडा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खरवड घेतली, तरी नाही. मग हा गजकर्णाचाच प्रकार असणार असे ठरवून बुरशीचे मलम दिले आणि दहा दिवसांनी बोलावले. सातव्या दिवशी त्या घरची मुलगी रिकामा पिंजरा परत करायला आली. दवाखान्यात दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून तो तिने आणला होता. हा किडा खोल बिळात असतो आणि खरवडीत दर वेळी सापडेलच असे नाही, ही गोष्ट पुस्तकात होती, पण माझ्या डोक्यात ती त्या दिवशी शिरली. त्यानंतर लक्षणे खरजेची असतील तर काचेवर किडा दिसो वा न दिसो, मी खरजेचे औषध सुरू करतो.

सगळीच खाज खरजेची नसते

गिनीपिगच्या अंगावर उवाही होतात. त्या केसांत चालताना दिसतात, विशेषतः कानांच्या मागे आणि ढुंगणावर. उन्हात नेऊन केस उलटे फिरवून पाहावेत. केसाला चिकटलेल्या लिखाही दिसतात. उवांनी खाज येते, पण खरजेइतकी नाही. या उवा माणसाच्या डोक्यात होत नाहीत, तेव्हा मुलीच्या केसांत उवा सापडल्या तर त्याचे खापर गिनीपिगवर फोडू नये, शाळेतल्या शेजारणीकडे पाहावे. केसांवर राहणारा आणखी एक बारीक किडा असतो. भिंगातून पाहिले तर केसाला धरून बसलेला दिसतो. थोडे असतील तर त्याचा फारसा त्रास नसतो.

गजकर्ण, म्हणजे नायटा, ओळखण्याची खूण वेगळी आहे. तो बहुधा नाकाच्या शेंड्यावर, डोळ्यांभोवती आणि कानांवर सुरू होतो. केस तुटून गोल चकत्या पडतात, वर कोंड्यासारखे पापुद्रे दिसतात. खाज कमी किंवा नसतेच. हा रोग माणसाला लागतो आणि लहान मुलांना चटकन लागतो. म्हणून तोंडावर चकत्या असलेल्या गिनीपिगला मुलांनी गालाशी धरू नये.

केस गेले पण खाज नाही, असेही होते. वयस्क मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले तर बीजकोशात पाण्याच्या गाठी असण्याचा संभव असतो. एकत्र ठेवलेले गिनीपिग एकमेकांचे केस कुरतडतात. आणि कानाच्या मागे प्रत्येक गिनीपिगला जन्मतःच एक केस नसलेली जागा असते. ती दाखवायला धावत आलेले पालक मी दर वर्षी दोन-तीन तरी पाहतो. त्यांना मी चहा देऊन परत पाठवतो.

आपल्या भागात उंदरांचाही एक मुद्दा आहे. पावसात सखल वस्त्यांत पाणी भरते, तेव्हा बिळांतले उंदीर घरांत शिरतात. उंदरांच्या अंगावर रक्त पिणारे बारीक किडे असतात. ते दिवसा भिंतीच्या फटीत, पिंजऱ्याच्या सांध्यांत लपतात आणि रात्री गिनीपिगलाही चावतात, माणसालाही. घरात उंदीर मारले आणि त्यानंतर आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर लाल पुरळ उठले तर या किड्यांचा संशय घ्यावा. अशा वेळी नुसत्या जनावराला औषध देऊन भागत नाही, फटी साफ कराव्या लागतात.

एका थेंबाचा हिशेब

खरजेवर रामबाण म्हणावे असे औषध आहे आणि ते स्वस्तही आहे. त्याचे नाव आयव्हरमेक्टिन. जपानचे सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या जंतूपासून त्याची सुरुवात झाली, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्याचा जनावरांतल्या जंतांवर उपयोग दाखवला, १९८१ साली ते जनावरांसाठी बाजारात आले आणि २०१५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. करोनाच्या काळात याच्या गोळ्या घरोघरी पोचल्या, त्यामुळे नाव आता सगळ्यांना पाठ आहे. नेमकी तिथेच भीती आहे.

गाईम्हशींसाठी जे इंजेक्शन मिळते ते एक टक्क्याचे असते, म्हणजे एका मिलीमध्ये १० मिलिग्रॅम औषध. तीनशे किलोच्या गाईला ते सहा मिली लागते. आता गिनीपिगचे पाहा. त्याचे वजन धरू ८०० ग्रॅम. किलोला ०.४ मिलिग्रॅम या हिशेबाने त्याला लागते ०.३२ मिलिग्रॅम, म्हणजे त्या इंजेक्शनचा ०.०३ मिली. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंबच साधारण ०.०५ मिली असतो. थोडक्यात, पूर्ण एक थेंबसुद्धा त्याला जास्त होतो! माणसांच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळीचे म्हणाल तर तिचा जवळजवळ चाळिसावा भाग. पोळपाटावर गोळी कुटून तिचे चाळीस सारखे भाग करणारा मला अजून भेटलेला नाही. औषध फार झाले की जनावर लटपटते, सुस्त पडते, बेशुद्ध होऊन मरते.

म्हणून घरी करण्याचे पहिले काम औषधाचे नाही, वजनाचे आहे. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानात जावे, डब्यासह वजन करावे, मग रिकाम्या डब्याचे वजन वजा करावे. अंदाजाने "असेल किलोभर" सांगू नये. डॉक्टर औषध पातळ करून, इन्सुलिनच्या बारीक सिरिंजने मापून देतात. गुरांची सवय असलेल्या दवाखान्यात गेलात तरी हरकत नाही, पण वजनाचा आकडा तुम्ही स्वतः तोंडाने सांगा आणि गाभण असण्याची शंका असेल तर तीही सांगा. दुकानातून आणलेली मादी पुष्कळदा गाभणच असते आणि दोन महिन्यांनी दोनाचे पाच होतात, हे घरी आल्यावर कळते.

आता ते दोन आठवडे. हे औषध किड्यांना मारते, अंड्यांना मारत नाही. पहिल्या इंजेक्शनने खाज कमी होते, जनावर खायला लागते आणि घरच्यांना वाटते की झाले काम. इकडे बिळांतली अंडी फुटून नवी फौज तयार होत असते. म्हणून सात ते दहा दिवसांच्या अंतराने दुसरे आणि तिसरे इंजेक्शन घ्यावेच लागते. माझ्या अनुभवात रोग उलटतो तो बहुतेक वेळा तिसरे इंजेक्शन चुकवल्यामुळे. तसेच जोडीतला दुसरा गिनीपिग कितीही तुकतुकीत दिसो, त्यालाही त्याच दिवशी औषध दिले पाहिजे. मानेवर टाकण्याचे सेलामेक्टिनचे थेंबही मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण मात्रा डॉक्टरनेच ठरवायची.

आकडी येत असेल तर जनावराला टॉवेलात सैल गुंडाळून अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे आणि शक्य तितके कमी हाताळावे. तोंडात पाणी घालू नये. कांदा, चप्पल वगैरे राहू द्यावे.

खरजेवरचे घरगुती उपाय आपल्याकडे पुष्कळ आहेत. कडुनिंबाचे तेल, करंजेल, गंधक, रॉकेलचा बोळा, डेटॉलची अंघोळ. यातला कुठलाही गिनीपिगवर करू नये. हा प्राणी दिवसभर अंग चाटून साफ करतो, म्हणजे जे अंगाला लावाल ते पोटात जाते. कुत्र्याच्या गोचिडांचे औषध वा पावडर, माणसाच्या खरजेचे मलम, माळ्यावर सापडलेला गॅमेक्झिनचा जुना डबा, हे सगळे दूरच ठेवावे. गॅमेक्झिनमधल्या लिंडेनच्या वापरावर तर २०१३ पासून देशात बंदीच आहे.

त्याहून घातक एक चूक आहे आणि ती चांगल्या शिकलेल्या घरांत होते. जखमांत पू दिसला की घरातले उरलेले अमॉक्सिसिलिन पाण्यात कालवून पाजतात. पेनिसिलिनच्या जातीची ही औषधे तोंडाने दिली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात, हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत जनावर जाते. ऑक्सफर्डला १९४० सालच्या मे महिन्यात पेनिसिलिनची पहिली मोठी परीक्षा झाली ती उंदरांवर. त्या दिवशी पिंजऱ्यात गिनीपिग असते तर पेनिसिलिन कदाचित विष म्हणून बाजूला पडले असते!

घरच्या माणसांचे काय

आजींचा पुढचा प्रश्न हाच होता. नातवाच्या हातांवर आणि पोटावर लाल पुटकुळ्या होत्या. गिनीपिगचा खरजेचा किडा माणसाला चावतो, पुरळ उठवतो, पण माणसाच्या कातडीत वंश वाढवू शकत नाही. जनावर बरे झाले की ते पुरळ बहुधा आपोआप जाते. मात्र रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला फोड असतील आणि घरात एकामागून एक सगळे खाजवू लागले असतील, तर ती माणसाची खरूज असण्याचा संभव मोठा आणि तिचे औषध सगळ्या घराने एकदम घ्यावे लागते. पुरळातला फरक आरशात पाहून ठरवू नये. जनावर माझ्यासारख्याकडे आणावे, मुलाला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि घरी गिनीपिग आहे हे त्यांना आठवणीने सांगावे. नाही तर ते मलमे बदलत राहतात आणि मूळ कारण पिंजऱ्यात बसून गाजर खात असते.

औषधाच्या प्रत्येक दिवशी पिंजऱ्यातला भुसा, गवत सगळे काढून पिशवीत बांधून टाकावे. पिंजरा कडकडीत पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा. लाकडी खोका असेल तर मोह सोडावा आणि फेकून द्यावा, कारण त्याच्या फटी धुऊन निघत नाहीत. टॉवेल, चादरी उकळत्या पाण्यात. सुकलेले गवत आपल्या जिल्ह्यात विकत घ्यावे लागू नये इतके होते, पण ते उंदरांचा वावर असलेल्या कोठारातले नसावे आणि ओलसर, बुरा आलेले नसावे. पिंजरा हवेशीर जागी असावा. मात्र एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली किंवा बंद गॅलरीत ठेवू नये, उष्म्याने हा प्राणी पटकन मरतो.

खाण्याचा आणि कातडीचाही संबंध आहे. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी १९०७ साली गिनीपिगना नुसते धान्य खायला घातले आणि त्यांना स्कर्व्ही झाली, त्यावरून पुढे या जीवनसत्त्वाचा शोध सोपा झाला. चपाती, पाव आणि भिजवलेले हरभरे यांवर गिनीपिग पाळणारी घरे तोच प्रयोग नकळत पुन्हा करत आहेत. अशा जनावराचे केस राठ होतात, जखमा भरत नाहीत आणि खरूज त्याला लवकर गाठते. मुख्य खाणे गवतच असावे. सोबत रोज थोडी कोथिंबीर, ढोबळी मिरचीची फोड, अधूनमधून पेरूचा लहान तुकडा. पेरू देशातल्या प्राण्याने पेरू खावा हे बरेच आहे, पण फळ गोड असते, तेव्हा बेताने. पाण्यात क जीवनसत्त्वाची गोळी विरघळवून ठेवू नये, काही तासांत तिचा जोर जातो.

नवा गिनीपिग आणला तर दोन-तीन आठवडे तो जुन्यापासून वेगळ्या खोलीत ठेवावा. दुकान निवडताना नोंदणी आहे का हे विचारावे. २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि गिनीपिगही त्या नियमांत येतो. एका पिंजऱ्यात दाटीने कोंबलेले, पाय झाडत खाजवणारे प्राणी दिसले तर तिथून दया येऊनही घेऊ नये.

नालासोपाऱ्याच्या गिनीपिगचे वजन पहिल्या दिवशी ६२० ग्रॅम भरले होते. त्या रात्री त्याला झटके थांबवण्याचे औषधही द्यावे लागले आणि सकाळपर्यंत मला खात्री नव्हती. दुसऱ्या इंजेक्शनला नातू एकटाच आला, वहीत लिहून आणलेला आकडा ६५०. तिसऱ्याला आजीही आल्या. वजन ७१० ग्रॅम, पाठीवर मखमलीसारखी बारीक लव. मुलाच्या हातांवरचे पुरळ गेले होते. शेजाऱ्यांकडच्या गिनीपिगलाही खाज सुटली आहे, त्याच बाटलीतले थोडे औषध देता का, असे आजींनी निघताना विचारले. मी त्यांना काट्याकडे बोट दाखवले आणि शेजाऱ्यांना गिनीपिग घेऊन यायला सांगितले.